ड्रम गैरहजर

शनिवार, १६ जुलै, भूकंपाचं वर्ष. कोबेच्या उत्तरेला डोंगरातलं बेसबॉलचं मैदान, पहिल्या बेसच्या बाजूचा स्टँड, सकाळी साडेनऊ. हजर: मी, माझा नवरा अनिल (पाण्याचा कूलबॉक्स आणि दोन छत्र्या सांभाळत), आमची मुलगी रेवा, बारावी, शाळेच्या ब्रास बँडच्या पांढऱ्या टोपीत, बँडच्या बाकीच्या मुली आणि चार मुलगे, पालक समितीच्या अध्यक्ष मोरिमोतो-सान, आमच्या गल्लीतले न्हावी हामादा-सान, आणि खाली मैदानावर त्यांचा मुलगा केंता, फलंदाजीत सातवा. गैरहजर: ड्रम. ट्रंपेट, ट्युबा, सगळीच वाद्यं गैरहजर.

त्या वर्षीच्या डायरीतली ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. 'गैरहजर' या शब्दाखाली मी इतक्या जोरात रेघ ओढली होती की ती पुढच्या तीन पानांवर उमटली आहे. त्या पानांवरची दंतवैद्याची वेळ, गॅसवाल्याचा निरोप, सगळं त्या वळावर अडखळत लिहिलेलं दिसतं.

जुलै आला की मला राग येतो. वेळेवर येतो, इथल्या ट्रेनसारखा. पावसाळी ढग हटतात, झाडांवरचे किडे कर्कश ओरडायला लागतात, आणि ऑफिसजवळच्या नूडल्सच्या दुकानात भिंतीवरच्या टीव्हीवर शाळांच्या बेसबॉलचे जिल्हा-सामने सुरू होतात. परवा तिथेच बसले होते. टीव्हीचा आवाज बारीक होता, पण ट्रंपेट बारीक होत नाही. कुठल्याशा शाळेचा बँड एक रॉकचं गाणं वाजवत होता आणि त्याखाली मोठा ड्रम, धम्म, धम्म, फलंदाजाच्या पाठीवर थाप मारावी तसा. मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आपल्या मित्राला म्हणाले, "हे ऐकलं की उन्हाळा आला असं वाटतं." मला उठून त्यांना सांगावंसं वाटलं, की आमच्या मुलांचा उन्हाळा आलाच नाही हो. तो समितीत अडकला.

इथल्या बेसबॉलचं रॉकशी काय नातं आहे ते तिकडच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. व्यावसायिक खेळाडू मैदानात येताना आपल्या आवडीचं गाणं वाजवून घेतात, आणि ते बहुधा रॉकचंच असतं. रॉकचे गायक बेसबॉलच्या टोप्या घालून त्याच मैदानांवर कार्यक्रम करतात. या आठवड्यात जिथून चेंडू उडतो, तिथूनच पुढच्या आठवड्यात गिटार ऐकू येते. पण खरी गंमत शाळांच्या सामन्यात. तिथे लाउडस्पीकर नसतो. शाळेचा ब्रास बँड उन्हात रांगा करून बसतो आणि प्रत्येक फलंदाजासाठी त्याचं स्वतःचं गाणं वाजवतो. गिटारचं काम ट्रंपेटकडे, गळ्याचं काम क्लॅरिनेटकडे. फलंदाज बाद होईपर्यंत किंवा बेसवर पोहोचेपर्यंत गाणं थांबत नाही. तो टिकला तर गाणं टिकतं. त्याने चेंडूमागून चेंडू बाजूच्या रेषेबाहेर फटकावले, ज्यात धाव मिळत नाही पण फलंदाज बादही होत नाही, तर बँडवाल्यांचे ओठ सुजतात, पण वाजवणं थांबत नाही. आपल्याकडे क्रिकेटमध्ये दोन षटकांच्या मधे गाणं लावतात, जाहिरातीसारखं. इथे ते खेळाच्या आतच असतं.

आणि हे गाणं ज्याच्यासाठी वाजतं त्याचं डोकं तासलेलं असतं. बेसबॉल क्लबातल्या मुलांनी केस वाढवायचे नाहीत, हा नियम. केस उडवत, घाम झटकत म्हणायची गाणी, गणवेशातली मुलं रांगेत बसून वाजवतात आणि तासलेल्या डोक्याचा मुलगा त्यावर बॅट फिरवतो. अनिल पहिल्यांदा हे बघून म्हणाला, "म्हणजे रॉकची मुंज लावली की यांनी." मी तेव्हा हसले होते.

ही सगळी डोकी हामादा-सान तासायचे. त्यांचं दुकान आमच्या इमारतीपासून चौथं. स्पर्धेच्या आदल्या रविवारी अख्खा संघ दुकानाबाहेर रांगेत उभा राहायचा. एका डोक्याला चार मिनिटं. हामादा-सान मशीन फिरवत आणि दुकानात जुन्या रॉकच्या कॅसेट लावत. "डोकं मी काढतो, पण त्याआधी आत थोडं काहीतरी घालतो," असं म्हणायचे.

दुकानाच्या मागच्या खोलीत ड्रमचा संच होता. रेवा दहावीत असताना तिने ड्रम वाजवायचं ठरवलं, तेव्हा मी एका कागदावर आमच्या अटी लिहिल्या होत्या. पहिली अट, घरात नाही. आमच्या इमारतीच्या भिंती अशा की वरचे आजोबा शिंकले तर आम्ही रुमाल शोधतो. मग हामादा-सानच म्हणाले, "रेवाची आई, माझ्याकडे पाठवा. माझ्या गिऱ्हाइकांना मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही." इथे मी कुणासाठीच मेधा नाही. शाळेत, गल्लीत, भाजीच्या दुकानात मी रेवाची आई. माझं नाव फक्त ऑफिसच्या कार्डावर आणि माझ्या शिक्क्यावर आहे. सही करायची तिथे इथे लाल शिक्का उमटवतात. माझा मी सतरा हजार वेळा तरी उमटवला असेल. बंदरावरच्या एका व्यापारी कंपनीत मी माल पाठवण्याचे कागद तपासते. एक ओळ चुकली तर कंटेनर अडकतो. मी ओळ चुकवत नाही.

त्या मागच्या खोलीत रेवाला एक कॅसेट सापडली. हामादा-सानांच्या तरुणपणच्या बँडची. त्यांचे केस तेव्हा कमरेपर्यंत होते म्हणे, फोटो आहे. मग कोबेचा मोठा भूकंप झाला, पंच्याण्णव सालचा. दुकान पडलं. कुटुंब एका शाळेच्या जिममध्ये जमिनीवर राहिलं. नळाला पाणी नाही, कुणाला डोकं धुता येईना, म्हणून हामादा-सानांनी ढिगाऱ्यातून कात्री शोधून आणली आणि जिममधल्या सगळ्यांचे केस बारीक कापून दिले. शेवटी स्वतःचेही. परत वाढवले नाहीत. पाण्याच्या रांगेत उभं असताना त्यांच्या डोक्यात एक गाणं आलं. ते त्यांनी आणि उरलेल्या दोघा मित्रांनी जिममध्ये वाजवलं, पाण्याच्या रिकाम्या कॅनवर. सुरुवातीला दोन आवर्तनं फक्त कॅन. मग गिटार.

मी विचारलं होतं, "लोकांनी गप्प बसवलं नाही?"

"एक आजी ओरडल्या," हामादा-सान म्हणाले. "मागे ऐकू येत नाही, मोठ्याने वाजवा म्हणून."

रेवाने हे गाणं केंतासाठी बसवायचं ठरवलं. सुरुवातीची दोन आवर्तनं एकट्या ड्रमची, ती स्वतः वाजवणार, मग ट्रंपेट. दोघंही बारावीला. इथे बारावीचा उन्हाळा म्हणजे शेवटचा. जिल्हा-सामन्यात एकदा हरलं की क्लब संपला, बॅट ठेवायची, ड्रम ठेवायचा, प्रवेश परीक्षांच्या पुस्तकात डोकं घालायचं. तेव्हा व्हायचं ते त्याच उन्हाळ्यात.

केंता सुरुवातीला तयार नव्हता. मी दुकानात अनिलच्या केसांची वेळ घ्यायला गेले होते, तेव्हा दोघांची जुंपलेली.

"म्हाताऱ्याचं गाणं? सगळा संघ हसेल."

"संघ तुझी बॅटिंग बघून आधीच हसतो."

"तुझा ताल तरी कुठे धड असतो? दर वेळी पुढे पळतेस."

"मी पळते. तू पहिल्या बेसपर्यंत पळून दाखव, मग बोल."

हामादा-सान गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारत होते. वर न बघता म्हणाले, "म्हातारा इथेच उभा आहे." आठवडाभराने केंताने कळवलं, की चालेल, पण कुणाचं गाणं ते कुणाला सांगायचं नाही.

मग मार्च आला. भूकंप तिकडे ईशान्येला झाला, आमच्याकडे दिव्याची दोरी थोडी हलली. पण तोक्योतून माणसं आली. तोयोसूला उंच इमारतींत राहणारी आमच्या ओळखीची दोन कुटुंबं, पुण्याची, आयटीतली. लिफ्ट बंद, बातम्यांनी धास्तावलेली. आमच्या तीन खोल्यांत आम्ही नऊ जण होतो. मी फ्रिजवर तक्ता लावला: आंघोळीचे नंबर, पोळ्या कुणाच्या, भांडी कुणाची, कचऱ्याचे चार प्रकार कुणी कधी खाली न्यायचे. त्यांच्यातली चार वर्षांची सई दार आपटलं तरी कानांवर हात घेऊन टेबलाखाली जायची. रेवा टेबलाखाली तिच्याजवळ जाऊन बसली, उशी घेतली आणि चॉपस्टिक्सने वाजवायला लागली. आधी हळू, मग जोरात. तिसऱ्या दिवशी सईने चॉपस्टिक्स तिच्या हातातून ओढून घेतल्या. टेबलाखालून तो आवाज यायला लागला तशी तिची आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. बरं वाटून रडली. आवाज म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं.

पण बाहेर सगळा देश आवाज खाली करत होता. 'जिशुकु' हा शब्द तेव्हा रोज ऐकू यायचा. आपण होऊन आवरतं घ्यायचं, असा अर्थ. फुलांखालच्या पार्ट्या रद्द, जत्रा रद्द, कार्यक्रम रद्द. वसंतातली शाळांची मोठी बेसबॉल स्पर्धा झाली, पण स्टँडमध्ये वाद्यं नव्हती. तेव्हा ते समजण्यासारखं होतं. माणसं अजून सापडत होती. मीही टीव्हीचा आवाज कमी ठेवत होते. पण आवरतं घेणाऱ्यांमध्ये एक जात अशी असते की तिला आवरण्यात सुख मिळायला लागतं, आणि ते सुख ती दुसऱ्याच्या मुलांच्या हातून घेते. जून आला. वाद्यं सगळीकडे परत आली. आमच्या शाळेत आली नाहीत.

रेवा त्या दिवशी घरी आली आणि बूट न काढताच दारात उभी राहिली.

"काय झालं?"

"बेत्सुनि."

'विशेष काही नाही' यासाठी इथल्या मुलांचा हा शब्द आहे, आणि तो आला की विशेष असतंच.

"रेवा, मराठीत सांग."

"ड्रम नाही," ती म्हणाली. "काहीच नाही. पालक समितीने ठरवलं. या वर्षी फक्त टाळ्या आणि मेगाफोन. सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणे." मग इंग्रजीत, "इट्स डन, आई." आणि बूट घालूनच आत गेली, जे या घरात आजवर कुणी केलेलं नाही.

सगळ्यांनी मिळून. या दोन शब्दांचा मला जेवढा संताप येतो तेवढा उघड शिवीचाही येत नाही. शिवी देणाऱ्याला तोंड असतं. 'सगळ्यांनी मिळून' ला तोंड नाही, दार नाही, घंटी वाजवून विचारावं असा पत्ता नाही. मी अनिलला म्हटलं, उद्या सुट्टी टाकते, शाळेत जाते. तो म्हणाला, "जा. पण यादी घेऊन जाऊ नकोस. भांडायला जातेयस, इन्स्पेक्शनला नाही."

मी यादी घेऊनच गेले. सात मुद्दे होते. बँडचे शिक्षक ओकुदा-सेन्सेई, पन्नाशीचे, कपाळावर सतत घाम, यांनी मला संगीताच्या खोलीत बसवलं. मोरिमोतो-सानही आल्या. मी त्यांना सई सांगितली, जिममधल्या आजी सांगितल्या, कॅन सांगितले. केंताला दिलेला शब्द मोडून गाणं कुणाचं तेही सांगून टाकलं. म्हटलं, हे गाणं भूकंपातून आलेल्या माणसाने भूकंपातल्या माणसांसाठी केलं आणि तुम्ही ते भूकंपाचं नाव सांगून बंद करता?

मोरिमोतो-सान फार हळू बोलतात. "रेवा-चानच्या आई, तुमच्या भावना पोहोचल्या. पण तिकडे अजून शाळांच्या जिममध्ये माणसं झोपत आहेत. आपण इथे ढोल बडवायचे, हे बरं दिसेल का?"

"कुणाला बरं दिसेल? त्यांना विचारलंत?"

"त्यांना कसं विचारणार?"

"मग त्यांच्या नावाने कसं ठरवता? आणि शेजारपाजारचं म्हणत असाल तर मैदान डोंगरात आहे. तिथे शेजारी माकडं आहेत."

ओकुदा-सेन्सेईंच्या ओठांच्या कडा हलल्या. मोरिमोतो-सानांच्या हलल्या नाहीत. "ही सभेची इच्छा आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मला सभेचा कागद बघायचा आहे. सभेला किती लोक होते?

हजर सात होते. बाकी सगळे 'इनिनजो'. मी येऊ शकत नाही, अध्यक्ष ठरवतील ते मला मान्य, असं लिहिलेला छापील कागद असतो. खाली शिक्का मारून मुलाच्या दप्तरातून पाठवायचा. त्या कागदांचा गठ्ठा ओकुदा-सेन्सेईंनी फाइलमधून काढला. आलेल्या क्रमाने लावलेला होता. सगळ्यात वर माझा कागद होता.

माझा लाल शिक्का, किंचितही तिरका नाही. सभेच्या सूचनेचा कागद आला त्याच दिवशी मी तो भरून पाठवला होता. शाळेचे सगळे कागद मी त्याच दिवशी पाठवते, परक्या देशातली आई म्हणून कुणी बोट दाखवू नये यासाठी दहा वर्षं पाळलेला शिरस्ता. मला आठवलं, वर चार विषय होते: बस, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आणि 'प्रोत्साहनाची पद्धत'. पहिले तीन मी वाचले, कारण त्यांच्या याद्या मलाच करायच्या होत्या. चौथा वाचला की नाही, आठवत नाही. बंदरावर मी लोकांच्या कागदांतला एक अंक सोडत नाही.

मी तो कागद बघितला हे ओकुदा-सेन्सेईंनी बघितलं. त्यांनी दोन बोटांनी तो हळूच उलटा केला आणि गठ्ठा फाइलमध्ये सरकवला. "सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे," ते म्हणाले, मोरिमोतो-सानांकडे बघत. मोरिमोतो-सानांनी मान डोलावली. त्यांना माझा शिक्का ठाऊक होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. दोघांपैकी एकानेही मला ऐकवलं असतं, की बाई, तुम्हीच तर लिहून दिलंत, तर मी तिथल्या तिथे मोकळी झाले असते. ती उलटी केलेली पाठकोरी बाजू मला अजून दिसते. माझ्याशी इतकं सभ्यपणे क्वचितच कुणी वागलं असेल, आणि मला त्याबद्दल त्या माणसाचा आजही राग आहे.

घरी आले. रेवा दारातच होती. "काय म्हणाले?"

"ऐकत नाहीत," मी म्हटलं. "भिंत आहे नुसती. पण मी सोडलं नाही त्यांना."

हे खरं होतं. एवढंच खरं होतं.

नंतरचे तीन आठवडे मी घरात, ऑफिसात, फोनवर पुण्याला, सगळीकडे या विषयावर बोलत सुटले. इथल्या गप्प बसण्यावर, समित्यांवर, मान डोलावण्यावर. अनिल एकदा म्हणाला, "अगं, रेवासुद्धा इतकी चिडलेली नाही." मी त्याच्यावरही चिडले.

मग तो शनिवार. सावलीतही दगड तापलेले. समोरच्या, तिसऱ्या बेसच्या बाजूच्या स्टँडमध्ये दुसऱ्या शाळेचा बँड आला. आमच्या डोळ्यांसमोर त्यांनी खोकी उघडली. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, चकाकणारा सुसाफोन, आणि दोन मुलींनी मिळून उचलून आणलेला मोठा ड्रम. आमच्या बँडच्या मुली मेगाफोन मांडीवर ठेवून बघत राहिल्या. मी मोरिमोतो-सानांकडे वळले. त्या स्कोअरबोर्डाकडे बघत होत्या.

त्यांनी काय वाजवलं म्हणता! एकामागून एक रॉकची गाणी, प्रत्येक फलंदाजाला वेगळं. ते गाणं त्यांच्या स्टँडमधून उठून मैदान ओलांडून आमच्या छातीवर आदळायचं. आमचा डाव आला की टाळ्या. टप, टप, टप. मेगाफोनवर मेगाफोन आपटल्याचा तो प्लास्टिकचा आवाज, डबे ठेवल्यासारखा. आमच्यातल्या काही आया टाळ्या वाजवता वाजवता समोरच्यांच्या तालावर मान हलवत होत्या, नकळत. शरीराला ताल हवा असतो. आपला दिला नाही तर ते शत्रूचा घेतं.

केंता तीनदा आला. पहिल्यांदा तीन चेंडूंत बाद. दुसऱ्यांदा झेल. तिसऱ्यांदा आला तेव्हा शेवटचा डाव होता, दोन बाद, आम्ही एका धावेने मागे, एक गडी तिसऱ्या बेसवर. केंताने हेल्मेट सारखं केलं आणि आमच्या स्टँडकडे बघितलं. दोन आवर्तनांएवढा वेळ तो तसाच बघत राहिला. मी मोजला. मग वळला.

आणि तो टिकला. रेषेबाहेर, बाहेर, बाहेर. चेंडू जाळीवर, चेंडू स्टँडमध्ये, चेंडू पार्किंगमध्ये. अकरा चेंडू. माझ्या आयुष्यात मी बेसबॉलमध्ये असं चिवट काही बघितलेलं नाही. ते गाणं वाजलं असतं तर किती लांबलं असतं! ओठ सुजले असते सगळ्यांचे. टाळ्या चालू होत्या, टप, टप. मी रेवाकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही तळहात तिने मांड्यांखाली घालून त्यांवर बसून घेतलं होतं, आणि खांदे हलत होते, तालात. हामादा-सान मागच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभे होते. एकदाही बसले नाहीत.

बाराव्या चेंडूवर फटका जमिनीलगत गेला आणि सरळ समोरच्याच्या हातमोज्यात. केंता पळाला. पहिल्या बेसवर पोटावर झेपावला, हात आधी, पण चेंडू त्याच्याही आधी. बाद. सामना संपल्याचा सायरन वाजला, लांबच लांब, डोंगरात घुमत राहणारा. त्याला कुणी मनाई केली नव्हती.

नंतर स्टँडच्या मागे, नळाजवळ, हामादा-सान माझ्यापाशी आले. केंता दूर उभा होता, छातीभर माती, चेहरा बाहीत. मला वाटलं ते मॅचबद्दल काही बोलतील. ते कमरेत वाकले, नीट, पूर्ण.

"रेवाची आई, तुम्ही शाळेत जाऊन इतकं भांडलात. केंताने सांगितलं. आमच्या गाण्यासाठी. मी आयुष्यभर विसरणार नाही."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. एक वाक्य होतं. त्याऐवजी मी वाकून नमस्कार घेतला, जसा इथे घेतात, त्यांच्यापेक्षा थोडं जास्त वाकून. रेवा शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला. सोळाव्या वर्षानंतर तिने लोकांत माझा हात धरलेला तो एकच दिवस.

आता रेवा क्योतोत असते. दिवसा एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम, सायकलवरून जाणंयेणं, आणि शनिवार-रविवार बँड. चौघी आहेत. हामादा-सानांचं दुकान अजून चालू आहे. केंता ओसाकात असतो आणि त्याचे केस, अनिलच्या भाषेत, आता आमच्या वतीनेही वाढलेले आहेत. मोरिमोतो-सान भाजीच्या दुकानात भेटतात, हवेबद्दल बोलतात. मी त्यांच्याशी तुटक वागते. आमच्यातल्या कुणी जास्त तुटक वागायला हवं, याचा हिशेब मी करत नाही.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, रेवाचा फोन आला. "आई, शनिवारी कार्यक्रमाला येताय ना दोघं? लवकर या, जागा कमी आहे. आणि ऐक, आम्ही हामादा-सानांचं गाणं वाजवतोय. ते आणि केंता येतायत. त्यांना माहीत नाही, सांगू नकोस."

"ड्रम?" मी विचारलं.

"अर्थात ड्रम! दोन आवर्तनं, एकटी मी. आणि त्याआधी मी माइकवर बोलणार आहे. तुझ्याबद्दल. म्हणजे तू यादी घेऊन शाळेत गेलीस ते, माकडं म्हणालीस ते, सगळं. सगळ्या आयांनी मान खाली घातली होती, आणि एकटी माझी आई उभी राहिली होती, असं. नाही म्हणू नकोस हं. जपानीत बोलेन, तुला लाज वाटायला नको."

मी म्हटलं, "जेवलीस का?"

"आई!" ती हसली. "सोरे दाके?" एवढंच? मग तिची सुट्टी संपली.

आज शुक्रवार. ट्रेनची वेळ बघून झाली. अनिलचा निळा शर्ट इस्त्रीला देऊन आणला. हामादा-सानांसाठी चकल्या केल्या, त्यांना आवडतात, डबा बंद करून ठेवला. कानात घालायचे बोळे घेतले, अनिलसाठी. रेवाला फोन करून तिला तो कागद सांगायचा आहे, उद्या ती माइक हातात घेण्याच्या आधी. ते राहिलं आहे.